स्लीव्ह की बायपास? आधी कालचा दिवस सांगा

“माझं ठरलंय मॅडम. नणंदेनं केलं तेच करायचं, स्लीव्ह. तुमची सही तेवढी पाहिजे.”

स्लीव्ह आणि बायपास या वजन उतरवण्यासाठी पोटावर करायच्या शस्त्रक्रिया. त्यांच्याआधी माझ्यासारख्या समुपदेशकाकडे पाठवतात आणि बहुतेकांना ती सहीपुरती भेट वाटते. सातारा जिल्ह्यातल्या या ताईही तशाच आल्या होत्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय 46, उंची 155 सेंटिमीटर, वजन 104 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) 43. नऊ वर्षांचा मधुमेह, वर्षभरापासून इन्सुलिन. गावात स्वतःची पिठाची गिरणी. बरोबर नवरा, आणि मोबाईलमध्ये नणंदेचे दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा. फोटो त्यांनी मला खुर्चीत टेकायच्या आधी दाखवले.

स्लीव्ह करू का बायपास, मिनी बायपास चांगली का, जठरात फुगा बसवला तर चालेल का, हे मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं. खरं तर विचारायचं असतं एकच, कशात जास्त उतरतं? मी त्यावर उत्तर देत नाही. त्यांना म्हटलं, “काल सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय केलंत ते सांगा. खाण्याचंच नाही, सगळं.”

पाचला उठल्या. मोरीपाशी बसून मिशेरी लावली, अर्धा तास. मग उपाशीपोटी गॅसची गोळी. चहा आणि खारी. नवऱ्याचा डबा. आठला गिरणी सुरू. दुपारी दोन भाकऱ्या, पिठलं, भात. गिरणीत गल्ल्याशेजारी शेंगदाणे-गुळाचा डबा असतो, त्यातलं येता-जाता. संध्याकाळी गुडघे बोलायला लागले म्हणून मेडिकलमधून आणून ठेवलेली गोळी. रात्रीचं जेवण दहाला. मग दोन उशा घेऊन झोप, कारण एका उशीवर दोनच्या सुमाराला घशात आंबट पाणी येतं.

फाईलमध्ये यातलं काय होतं? “तंबाखू: नाही. अ‍ॅसिडिटी: नाही. इतर औषधे: नाही.”

त्या खोटं बोलल्या नव्हत्या. तंबाखू म्हणजे पुरुष मळून खातात ती. मिशेरीने तर दात घासतात. पण मिशेरी म्हणजे तंबाखूच, तव्यावर काळा होईपर्यंत भाजून कुटलेला. गॅसची गोळी हे औषध नाही, ती सगळेच घेतात. कबूल करते, सुरुवातीची काही वर्षं मीसुद्धा “तंबाखू खाता का?” विचारून “नाही”वर खूण करून पुढे जात होते. आता विचारते, “दात कशाने घासता?”

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग कापून बाहेर काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. भूक पेटवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः ज्या भागात तयार होतं तोच भाग जातो, म्हणून पहिले महिने भूकही मंदावते. आतड्याला हात लावत नाहीत. पण काढलेलं परत बसवता येत नाही, आणि अरुंद नळीत दाब वाढला की आम्ल वर अन्ननलिकेत ढकललं जातं. ताईंचं दोन उशांचं प्रकरण इथे आडवं येत होतं.

बायपासमध्ये जठराचा वरचा अगदी छोटा कप्पा वेगळा करून तो आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. जोड दोन ठिकाणी. अन्न उरलेल्या जठराला आणि सुरुवातीच्या आतड्याला वळसा घालून जातं. आंबट पाण्याला याने बहुधा आराम पडतो, साखरेवरही असर चांगला. मोल असं की लोह, बी-12, कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. गोळ्या जन्मभर. (त्या स्लीव्हनंतरही लागतात, पण इथे चुकलं तर लवकर आणि महागात पडतं.) शिवाय नव्या जोडावर व्रण होऊ शकतो. तो घडवून आणणाऱ्यांत दोन नावं ठळक आहेत, धूम्रपान आणि डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या. त्यामुळे सर्जन कुठल्याच रूपातला तंबाखू चालवून घेत नाहीत.

म्हणजे ताईंची पंचाईत बघा. छातीतली जळजळ स्लीव्हला नको म्हणत होती, मिशेरी आणि गुडघ्याची गोळी बायपासला नको म्हणत होत्या.

वजनाचं म्हणाल तर दोन्हींत उन्नीस-बीस. स्वित्झर्लंडमध्ये 217 रुग्णांवर चिठ्ठी टाकून हीच तुलना झाली, पाच वर्षांचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. वजन घटण्यात लक्षणीय फरक नव्हता. पण ज्यांना आधीपासून आम्लाचा त्रास होता, त्यांतल्या जवळपास 32 टक्के लोकांचा तो स्लीव्हनंतर वाढला. बायपासनंतर वाढलेले साधारण 6 टक्के. नणंदेला शस्त्रक्रियेआधी जळजळ नव्हती. एकाच घरातल्या दोघींची पोटं वेगळी असतात.

मिनी बायपासमध्ये एकच जोड असल्याने वेळ कमी लागतो आणि आपल्याकडे ती बरीच होते. पण तिच्यात पित्त वर येण्याची भीती असते, म्हणून रात्री घशात पाणी येणाऱ्या बाईसाठी सर्जनने ती बाजूला ठेवली. फुगा बहुधा सहा महिन्यांनी, काही प्रकारांत वर्षाने, काढावा लागतो. जठर आवळणारा पट्टा आता फारसा कुणी बसवत नाही. आणि 2025 पासून प्रत्येक जण वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनचं विचारतो. तो खरा पर्याय आहे, त्यावर फिजिशियनशी बोलावं. ताईंनी विचारलं, “बंद केलं की परत वाढतं का?” बहुतेकांचं वाढतं. “मग नको,” म्हणाल्या आणि विषय मिटला.

कोणती शस्त्रक्रिया करायची हे मी ठरवत नाही. मी सर्जनला पानभर चिठ्ठी लिहिली: मिशेरी, गॅसची गोळी, गुडघ्याची गोळी, गुळाचा डबा. त्यांनी दुर्बिणीने तपासणी केली. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सूज आणि जठराचा थोडा भाग छातीत सरकलेला. स्लीव्ह रद्द, बायपास.

ताई चिडून माझ्याकडे आल्या. “तुम्हाला सांगितलं नसतं तर झालं असतं ना माझं साधं ऑपरेशन!” नवरा म्हणाला, “आतडं कापणार म्हणतात.” त्या दिवशी समजावण्याच्या भानगडीत मी पडले नाही. भीती कसली वाटते एवढंच विचारलं. बऱ्याच वेळाने निघालं की त्यांच्या आईला आतड्याच्या ऑपरेशननंतर घरी आणलंच नव्हतं. त्याचा बायपासशी काही संबंध नव्हता, पण ते बोलल्याशिवाय पुढचं काही कानात शिरणार नव्हतं.

पुढच्या भेटीत वजनाचा हिशेब मांडला. लग्नातल्या 55 किलोवर जायचं त्यांच्या मनात होतं. बीएमआय 25 धरला तर त्यांच्या उंचीला 60 किलो. म्हणजे जास्तीचे 44. त्यातले साधारण 60 ते 70 टक्के उतरतील अशी आशा ठेवता येते. वजन 73 ते 78 च्या आसपास येईल. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “इन्सुलिन सुटेल का?” माझ्या अंदाजाने त्यांनी त्या दिवशी शस्त्रक्रिया खऱ्या अर्थाने निवडली.

गुळाच्या डब्यावरही बोललो. बायपासनंतर गोड खाल्लं की काहींना धडधड, घाम, भोवळ येते, त्याला डम्पिंग म्हणतात. “तो आपला राखणदार” असं काही जण रुग्णांना सांगतात. मला ते पटत नाही. कित्येकांना डम्पिंग होतच नाही, आणि होणारे बरेच जण चिमूट-चिमूट खाऊन त्याला चुकवायला शिकतात. येता-जाता तोंडात टाकण्याची सवय कुठल्याही शस्त्रक्रियेला पुरून उरते. डबा घरी नेणं त्यांना मान्य नव्हतं, गिऱ्हाइकांच्या पोरांना लागतो. शेवटी तो नवऱ्याच्या बाजूच्या फळीवर गेला.

मग रंगीत तालीम ठरली. शस्त्रक्रियेआधी सहा आठवडे मिशेरी बंद, गुडघ्याची गोळी बंद (हाडांच्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉल आणि व्यायाम दिला), आणि रोज वेळेवर मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम. जन्मभर घ्यायच्या गोळ्या सहा आठवडे जमतात का ते आधीच कळलेलं बरं. गोळ्यांची डबी कुठे ठेवणार यावर आमची पंधरा मिनिटं गेली. देवघरात ठेवली तर मासिक पाळीत अडचण, स्वयंपाकघरात ठेवली तर विसर. ठरलं, गिरणीत, वजनकाट्याशेजारी.

दुसऱ्या आठवड्यात माहेरी लग्न होतं. चार बायका मोरीपाशी बसल्या, बोटाला मिशेरी लागली. परत आल्यावर सरळ फोन केला, “मॅडम, मोडलं.” सर्जननी तारीख महिन्याने पुढे ढकलली. नवऱ्याने रजा टाकून ठेवलेली, तो माझ्यावर अजूनही थोडा नाराज आहे. विमा कंपनीकडे पूर्वपरवानगीची फाईल पुन्हा पाठवावी लागली. बीएमआय 40 च्या वर असल्याने पात्रतेचा प्रश्न आला नाही. तो 35 च्या वर आणि 40 च्या आत असता तर ठरावीक गंभीर आजारांचा पुरावा मागतात. तुम्ही या वाटेवर असाल तर पॉलिसीचं हे कलम आधी वाचा.

दुसऱ्या खेपेला सहा आठवडे निभावले. मिशेरीच्या वेळेला हात रिकामे राहतात अशी त्यांची तक्रार होती, म्हणून दारातला सडा सुनेकडून स्वतःकडे घेतला.

शस्त्रक्रियेला आता चौदा महिने झाले. वजन 75. इन्सुलिन बंद, मधुमेहाची एक गोळी राहिली आहे. चौथ्या महिन्यात केस मुठीने गळले, तेव्हा रडल्या होत्या. झपाट्याने वजन उतरताना ते होतं हे आधी सांगितलं होतं, पण कंगव्यात बघणं वेगळं. नवव्या महिन्यात हिमोग्लोबिन उतरलं. लोहाच्या गोळीने पोट साफ होत नाही म्हणून त्यांनी ती परस्पर बंद केली होती आणि बाकीच्या इमानदारीने घेत होत्या. आता शिरेतून लोह देतात. साबुदाण्याचा उपवास सुटलेला नाही, फक्त त्या दिवशी ताक आणि पनीर वाढवलं आहे. आहारतज्ज्ञ अजून कुरकुरतात.

गेल्या भेटीला एकट्याच आल्या, एसटीने. निघताना सहज विचारलं, झोप कशी लागते. चांगली लागते, घशात काही येत नाही. उशा मात्र अजून दोनच.

“एक काढून बघा की.”

“काढते. पण आधी नवरात्र जाऊ दे.”