वाटेत आजारपण आले तर

रामबाग, इंदूर

चि. बाळ, अनेक उत्तम आशीर्वाद.

कार्तिकी एकादशीनंतर निवृत्त मंडळींच्या दोन गाड्यांबरोबर तू मदतनीस म्हणून नर्मदा परिक्रमेला निघणार आहेस, असे तुझ्या आईकडून कळले. मुक्काम आणि भोजनाचे आयोजक पाहतीलच. मला लिहायचे आहे ते आजारपणाविषयी, कारण साठी-सत्तरीची चोवीस माणसे पंधरा-वीस दिवस एकत्र फिरतात तेव्हा कुणी ना कुणी आजारी पडतेच.

पहिली गोष्ट ही की, वयस्क माणसे प्रवासात आजार लपवतात. आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल, ही भीती त्यांना दुखण्यापेक्षा मोठी वाटते. आमच्या परिक्रमेत एका काकूंनी हृदयविकारासाठी दिलेली लघवीची गोळी निघाल्या दिवसापासून घेतलीच नव्हती, कारण गाडी सारखी थांबवा म्हणणे त्यांच्या जिवावर येत होते. रावेरखेडीला बाजीराव पेशव्यांच्या समाधीपाशी, १७४० साली वाटेवरच तापाने गेलेल्या त्या पुरुषाची हकिकत ऐकत आम्ही उभे होतो, तेव्हा काकू पायरीवर बसून धापा टाकत होत्या. विचारले तर म्हणाल्या, ऊन लागले. आणि मी ते खरे मानले, याचे वाईट मला आजही वाटते.

बडवानीच्या मुक्कामी त्यांच्या खोलीतल्या सोबतिणीने, एका निवृत्त शिक्षिकेने, त्यांचे मोजे काढायला मदत केली. घोट्यावर मोज्याच्या काठाचा खोल वळ उमटला होता आणि अंगठ्याने दाबले तर पडलेला खळगा भरून येईना. आडवे झाले की श्वास अडकत होता. बाईंनी पाठीशी तीन उशा लावून त्यांना बसते केले, आम्ही १०८ ला फोन केला, आणि रात्रभर प्राणवायू दिल्यावर सकाळी डॉक्टरांनी इंदूरला हृदयरोगतज्ज्ञांकडे हलवायला सांगितले.

आता अडचण पाहा. बडवानी नर्मदेच्या दक्षिण तीरावर आहे आणि इंदूर उत्तरेला. परिक्रमेत मैया उजव्या हाताला ठेवायची असते आणि समुद्रसंगमाआधी तिला ओलांडायचे नसते. काकू पूल ओलांडायला तयार होईनात. संकल्प मोडण्यापेक्षा इथेच पडून राहीन, असे त्यांनी सांगितले. त्यांच्याशी कुणी शास्त्रार्थ केला नाही, हे मला फार योग्य वाटते. बाईंनी मुकाट्याने आपलीही पिशवी भरली, ॲम्ब्युलन्समध्ये त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी दोघी मिळून करू." कित्येक वर्षे मनात धरलेली परिक्रमा त्यांनी दुसऱ्या दिवसाच्या उजेडात सोडली. दोघींच्या नर्मदाजलाच्या कुप्या आम्ही पुढे नेल्या. रोजच्या पूजेत आमच्या कुप्यांबरोबर त्याही असत.

म्हणून तू काय करावेस ते सांगतो. "कुणाला थांबायचे आहे का?" असे गाडीत कधीही विचारू नकोस, मी विचारत असे आणि एकही हात वर होत नसे. दर दीड तासाने स्वच्छतागृह असेल तिथे गाडी थांबवायचीच, हा नियम पहिल्याच दिवशी सर्वांना सांग, म्हणजे कुणावर ओशाळण्याची पाळी येणार नाही आणि पाणीही मोकळेपणाने प्यायले जाईल. निघण्याआधी प्रत्येकाच्या घरी जाऊन, चहा घेता घेता, औषधे, ॲलर्जी आणि मुलांचे फोन लिहून घे. गाडीत सर्वांदेखत विचारलेस तर अर्धे उत्तर मिळेल. इन्सुलिन डिकीत किंवा डॅशबोर्डवर तापू देऊ नकोस. मधुमेही माणूस घामेजला, थरथरू लागला, असंबद्ध बोलू लागला तर तीन चमचे साखर पाण्यातून दे आणि पंधरा मिनिटांनी साखर तपास. शुद्ध नसेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, सरळ १०८. सत्तरीपुढच्या सर्वांची आयुष्मान कार्डे काढून घ्यायला सांग. २०२४ पासून त्यांना उत्पन्नाची अट नाही.

रुग्णालयात पैशांचे बोलणे रुग्णाच्या खाटेपाशी होऊ देऊ नकोस. रुग्णाच्या जोडीदाराने जेवण केले की नाही हेही पाहा, कारण त्या गडबडीत त्याला कुणी विचारत नाही.

एकादशीच्या आधी एकदा घरी येऊन जा. औषधांची पेटी आपण मिळून भरू. काकू आणि बाई दोघींनाही बोलावले आहे. गोळी का चुकवली, ते काकूंच्याच तोंडून ऐक.

तुझा
काका