राष्ट्राध्यक्षाच्या टेबलावर काय होतं?

अमेरिकेच्या पदावरच्या राष्ट्राध्यक्षाचं मूल्यमापन कसं करावं, विशेषतः त्याच्या परराष्ट्र धोरणाचं, या विषयावर वाचकांकडून बरीच पत्रं आली. मी सांगलीत अनेक वर्षं एम.ए.च्या वर्गाला आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवलं, त्यामुळे संपादकांनी ती माझ्याकडे पाठवली. त्यांतल्या पाच पत्रांना इथे उत्तरं देते.

प्रश्न : राष्ट्राध्यक्ष खुर्चीवर असतानाच त्याच्यावर निकाल देणं घाईचं नाही का? ट्रूमन यांना त्यांच्या काळात लोकांनी नाकारलं आणि आज त्यांची गणना मोठ्या राष्ट्राध्यक्षांत होते. हे काम इतिहासावर सोडावं असं मला वाटतं. (नाशिक)

उत्तर : ट्रूमन यांचं नाव बहुतेक पत्रांत आहे, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करते. फेब्रुवारी १९५२मध्ये गॅलप या संस्थेच्या जनमत चाचणीत त्यांच्या कामावर समाधानी असलेले अमेरिकन फक्त २२ टक्के होते. आज तिकडचे इतिहासकार क्रमवारी लावतात तेव्हा ट्रूमन सहसा पहिल्या दहांत असतात. यावरून लोक चुकले आणि काळाने न्याय दिला, असं सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं.

लोकांचा मोठा राग दोन गोष्टींवर होता. एप्रिल १९५१मध्ये ट्रूमन यांनी कोरियातल्या फौजांचे सेनापती जनरल मॅकआर्थर यांना पदावरून दूर केलं, आणि कोरियातलं युद्ध काही संपत नव्हतं. पहिल्या बाबतीत लोक नक्कीच चुकले. मॅकआर्थर युद्ध चीनपर्यंत नेण्याची भाषा जाहीरपणे बोलत होते आणि सरकारचं धोरण उघड खोडून काढत होते. निवडून आलेल्या सरकारचं सेनापतीने ऐकलं पाहिजे, यासाठी ट्रूमन यांनी आपली लोकप्रियता घालवली. त्याचं श्रेय त्यांना १९५१मध्येच देता आलं असतं. त्यासाठी पन्नास वर्षं थांबण्याचं कारण नव्हतं.

पण युद्ध लांबलं का, ते पाहा. सप्टेंबर १९५०मध्ये इंचॉन बंदरावरच्या अमेरिकी फौजांच्या चढाईनंतर उत्तर कोरियाचं सैन्य मागे हटलं होतं. दोन्ही कोरियांना विभागणाऱ्या ३८व्या अक्षांशावर थांबायचं की पुढे उत्तरेत जायचं, एवढाच प्रश्न उरला होता. ३ ऑक्टोबरच्या पहाटे चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी भारताचे तिथले राजदूत सरदार पणिक्कर यांना बोलावून सांगितलं, की अमेरिकी फौजा अक्षांश ओलांडून आल्या तर चीन युद्धात उतरेल. हा निरोप आपल्या सरकारमार्फत वॉशिंग्टनला पोहोचला. तिथे पणिक्कर यांना चीनकडे झुकलेले समजत असत, आणि इशारा बाजूला पडला. १५ ऑक्टोबरला पॅसिफिक महासागरातल्या वेक बेटावर मॅकआर्थर यांनी ट्रूमन यांना सांगितलं, की चीन उतरण्याची शक्यता फार कमी आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस चीनचं प्रचंड सैन्य अमेरिकी फौजांवर तुटून पडलं, आणि जानेवारीत दक्षिण कोरियाची राजधानी सोलही पुन्हा हातची गेली. या युद्धात अमेरिकेचेच ३६ हजारांहून अधिक सैनिक गेले. कोरियन माणसं किती गेली याचा आकडा लाखांत आहे.

म्हणून मी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारायला लावत असे : निर्णयाच्या दिवशी राष्ट्राध्यक्षाच्या टेबलावर काय होतं, आणि त्याने त्याचं काय केलं? परिणाम चांगला की वाईट, यात नशिबाचाही भाग असतो. समोर आलेला इशारा ऐकायचा की सांगणाऱ्याचं नाव पाहून टाकून द्यायचा, हे मात्र सर्वस्वी त्या माणसाच्या हातात असतं. या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा त्याच वर्षी मिळू शकतं. ट्रूमन यांना मी मॅकआर्थर प्रकरणात फार वर ठेवते आणि ऑक्टोबर १९५०साठी दोषी धरते. नंतरची कीर्ती हा दोष धुऊन टाकत नाही.

प्रश्न : जनमत चाचण्यांना किती महत्त्व द्यावं? (जळगाव)

उत्तर : परराष्ट्र धोरणाच्या बाबतीत फार थोडं. थोरले बुश यांना आखाती युद्ध संपताना, १९९१च्या सुरुवातीला, ८९ टक्के लोकांची पसंती होती. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना ३७ टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि ते हरले. मधल्या काळात कुवेत तेच होतं. अमेरिकेतली मंदी आणि बेकारी लोकांना टोचत होती. चाचणी मतदाराच्या घरातली परिस्थिती सांगते. तिचा तेवढाच उपयोग करावा.

प्रश्न : आपण भारतीय आहोत. भारताशी नीट वागला तो राष्ट्राध्यक्ष चांगला, एवढा हिशेब आपल्याला पुरेसा नाही का? त्या हिशेबाने निक्सन वाईट आणि धाकटे बुश चांगले. (कोल्हापूर)

उत्तर : डिसेंबर १९७१मध्ये मी मुंबईत शाळेत होते. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावलेले, मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवलेले. आणि 'एंटरप्राइज' ही अमेरिकेची विमानवाहू युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे निघाल्याची बातमी मोठी माणसं रेडिओला कान लावून ऐकत होती. तुमच्या पत्रातला राग मी समजू शकते. तरीही हा हिशेब मला मान्य नाही.

निक्सन यांच्यावरचा खरा आरोप भारतविरोधापेक्षा मोठा आहे. २५ मार्च १९७१च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली. ६ एप्रिलला ढाक्यातल्या अमेरिकी वकिलातीतून एक तार वॉशिंग्टनला गेली. तिच्यावर वीस अमेरिकी अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या आणि महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांचा तिला पाठिंबा होता. आपलं सरकार लोकशाहीची गळचेपी आणि अत्याचार पाहूनही त्यांचा निषेध करत नाही, असं त्या तारेत स्पष्ट लिहिलं होतं. आपल्याच सरकारला असं लिहिताना नोकरी धोक्यात येते हे त्या माणसांना माहीत होतं. ब्लड यांची पुढे तिथून उचलबांगडी झालीच.

त्याच वेळी निक्सन चीनशी संबंध जोडायच्या खटपटीत होते आणि निरोपांची ने-आण पाकिस्तानचे लष्करशहा याह्याखान करत होते. २७ एप्रिलला चौ एन लाय यांचा महत्त्वाचा निरोप पाकिस्तानमार्फत आला. दुसऱ्या दिवशी निक्सन यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांनी पूर्व पाकिस्तानबद्दलचे पर्याय मांडणारं टिपण पाठवलं. २ मे रोजी निक्सन यांनी त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं : सर्वांना सूचना, सध्या याह्यावर दबाव आणू नका. 'नका' या अर्थाच्या शब्दाखाली त्यांनी तीन रेघा मारल्या आहेत. म्हणजे माहिती टेबलावर होती, पर्याय टेबलावर होते, आणि निवड पूर्ण जाणिवेने झाली. नंतरच्या महिन्यांत सुमारे एक कोटी निर्वासित सीमा ओलांडून आपल्याकडे आले.

चीनशी मैत्री हे फार मोठं काम होतं, असं निक्सन यांचे समर्थक म्हणतात. होतंच. फेब्रुवारी १९७२मधली बीजिंग भेट आणि मे महिन्यात मॉस्कोत झालेला अण्वस्त्रांवरचा करार, ही दोन्ही कामं मी त्यांच्या नावावर आदराने मांडते. पण बीजिंगपर्यंत निरोप न्यायला रुमानियाचाही मार्ग होता आणि तो वापरलाही गेला होता. ढाक्यातल्या माणसांच्या जिवाची किंमत देणं भागच होतं, हा युक्तिवाद म्हणून लंगडा पडतो. चीनची जमा आणि बंगालचं नावे, अशी वजाबाकी करून एक आकडा काढणं मला जमत नाही, आणि कुणी काढला तर त्यावर माझा विश्वास नाही.

आता धाकटे बुश. जुलै २००५चं संयुक्त निवेदन आणि २००८चा अणुकरार यांसाठी आपल्याकडे त्यांच्याबद्दल ममत्व आहे. माझ्या मते त्यांची खरी परीक्षा २८ जानेवारी २००३च्या रात्री झाली. त्या दिवशी काँग्रेसपुढच्या, म्हणजे अमेरिकी संसदेपुढच्या, भाषणात त्यांनी आफ्रिकेतल्या आणि कॅरिबियन देशांतल्या एड्सग्रस्तांसाठी पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर देण्याची घोषणा केली. त्या काळी आफ्रिकेत औषधाअभावी घरंच्या घरं उजाड होत होती. ही योजना उभी राहिली, औषधं पोहोचली आणि लाखो माणसं जगली. अमेरिकेच्या कोणत्याही राष्ट्राध्यक्षाने देशाबाहेर केलेल्या उत्तम कामांत मी तिला धरते.

त्याच भाषणात सद्दामने आफ्रिकेतून युरेनियम मिळवायचा प्रयत्न केल्याचं ब्रिटिश सरकारला कळलं आहे, असंही एक वाक्य होतं. तशाच आशयाचा मजकूर आदल्या ऑक्टोबरमध्ये सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेने बुश यांच्या दुसऱ्या एका भाषणातून काढायला लावला होता. जुलै २००३मध्ये सीआयएचे प्रमुख टेनेट यांनी कबूल केलं, की ते वाक्य भाषणात यायला नको होतं. तोवर इराकवर हल्ला होऊन गेला होता, आणि ज्या शस्त्रसाठ्यांसाठी युद्ध पुकारलं ते सापडलेच नाहीत.

एकाच माणसाने, एकाच तासात, या दोन गोष्टी केल्या. युगांडातली आई आणि बगदादची आई त्यांच्याबद्दल वेगवेगळं बोलतील आणि दोघींचंही खरं असेल. आपल्या अणुकरारामुळे बगदादच्या बाईचं म्हणणं आपल्याला ऐकू येईनासं होत असेल, तर आपण मूल्यमापन करत नाही आहोत, उपकाराची परतफेड करत आहोत.

प्रश्न : जुनं पुष्कळ झालं. माझा मुलगा आणि सून न्यू जर्सीत आहेत, फोनवर रोज ट्रम्प यांच्यावरून वाद होतात. तुमचं मत स्पष्ट सांगा. (पुणे)

उत्तर : सांगते, आणि वर लावलेलीच कसोटी लावते.

२० जानेवारी २०२५ला, शपथविधीच्याच दिवशी, ट्रम्प यांनी परदेशांना दिली जाणारी विकासमदत ९० दिवस थांबवण्याच्या आदेशावर सही केली. आधी थांबवायचं, मग तपासायचं. बुश यांच्या एड्स योजनेचं कामही त्यात अडकलं. काही दिवसांनी थोडी सवलत मिळाली, पण तोवर दवाखान्यांतला गोंधळ सुरू झाला होता. १ जुलैला ही मदत देणारी यूएसएड ही संस्थाच बंद झाली. मदतीत उधळपट्टी असेल, ती शोधायचा राष्ट्राध्यक्षाला अधिकार आहे. परंतु रोज गोळी घ्यावी लागणाऱ्या रोग्याचा पुरवठा तोडून नंतर चौकशी करणं, यात टेबलावरचे कागद वाचायच्या आधीच निर्णय झाला. मी याला गंभीर दोष मानते.

भारतावरच्या आयात शुल्काचं पाहा. २७ ऑगस्ट २०२५पासून आपल्या बऱ्याच मालावर ते ५० टक्के झालं, त्यातले २५ टक्के रशियाचं तेल घेतो म्हणून. चीन रशियाकडून आपल्यापेक्षा जास्त तेल घेत होता आणि त्याच्यावर या कारणासाठी असा दंड बसला नाही. दिलेलं कारण खरं असतं तर ते दोघांना सारखं लागू झालं असतं. माझा आक्षेप इथे आहे, आणि शुल्क दुसऱ्या एखाद्या देशावर लावलं असतं तरी तो राहिला असता.

दुसऱ्या बाजूला, ऑक्टोबर २०२५मध्ये गाझात युद्धबंदी झाली आणि हमासच्या ताब्यातले वीस जिवंत ओलीस सुटले, त्यात ट्रम्प यांनी इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू यांच्यावर टाकलेल्या दबावाचा वाटा मोठा होता. हे त्यांच्या नावावर लिहायला मी कचरत नाही. पुढे तिथे काय होतं त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागेल.

तुमच्या मुलाला आणि सुनेला एवढंच सुचवा, की माणसावर वाद घालण्याऐवजी एका वेळी एक निर्णय घ्या. फोन थोडा लांबेल, पण कुणी रागाने ठेवणार नाही.

प्रश्न : टेबलावर काय होतं हे सामान्य माणसाला कसं कळणार? सगळं गुप्तच असतं. मला या विषयावर प्रकल्प करायचा आहे. (लातूर, बी.ए. तृतीय वर्ष)

उत्तर : सगळं गुप्त नसतं, आणि तुझ्यासारख्या विद्यार्थिनीला घरबसल्या पुष्कळ मिळतं.

पहिली जागा म्हणजे सिनेटच्या आणि प्रतिनिधिगृहाच्या समित्यांपुढच्या साक्षी. २५ फेब्रुवारी २००३ला लष्करप्रमुख जनरल शिन्सेकी यांनी सिनेटच्या समितीसमोर उघड सांगितलं, की युद्धानंतर इराक सांभाळायला काही लाख सैनिक लागतील. दोनच दिवसांनी संरक्षण खात्याच्या उपमंत्र्यांनी तो अंदाज उडवून लावला. युद्ध सुरू व्हायच्या आधी हे सगळं वर्तमानपत्रांत होतं.

दुसरी जागा राजीनामे. एप्रिल १९८०मध्ये कार्टर यांनी तेहरानमधल्या ओलिसांना सोडवायला लष्करी मोहीम पाठवली. परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांचा तिला विरोध होता आणि मोहीम फत्ते झाली तरी आपण जाणार, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. मोहीम वाळवंटात फसली, आठ सैनिक गेले, आणि व्हान्स बाहेर पडले. वरिष्ठ माणूस तत्त्वासाठी पद सोडतो तेव्हा त्याने काय लिहिलंय ते अक्षर न अक्षर वाच.

तिसरी जागा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या इतिहास विभागाची. जुनी कागदपत्रं ते खंडवार छापतात आणि इंटरनेटवर फुकट ठेवतात. निक्सन काळातला ११वा खंड १९७१च्या दक्षिण आशियातल्या संकटाचा आहे आणि २००५मध्ये निघाला. प्रकल्पाला हा एक खंड पुरेल. मार्चच्या अखेरपासून सुरू कर, ६ एप्रिलची तार मराठीत उतरवून काढ, मग २ मेपर्यंतचं प्रत्येक टिपण तारखेच्या क्रमाने लाव आणि प्रत्येकासमोर ते कुणी कुणाला पाठवलं ते लिही. इंग्रजी कठीण वाटलं तर शब्दकोश घेऊन रोज दोन पानं कर. अडलीस तर मासिकाच्या पत्त्यावर मला लिही.