केबिनची घाई करू नकोस

अगं, तुझा लांबलचक मेसेज वाचला. सायकॉलॉजीत मास्टर्स झालं, क्लिनिकल ट्रेनिंग संपत आलंय, आता व्यसनमुक्तीतच काम करायचंय आणि तेही निवासी केंद्रात, आणि घरचे म्हणतायत कशाला त्या लोकांच्या नादी लागतेस. घरच्यांना काय सांगायचं ते तू बघ, मी कामाचं सांगतो.

पहिलं म्हणजे केबिन मागू नकोस. दारावर नावाची पाटी, तासाभराचं सेशन, समोर एक पेशंट, हे जे कॉलेजात डोक्यात बसतं ना ते निवासी केंद्रातल्या कामाचा फार छोटा भाग असतं. पेशंट तुझ्यासमोर तासभर शहाण्यासारखा बोलतो, उरलेले 23 तास वॉर्डात काढतो आणि तो खरा कसा आहे ते तिथे कळतं. जेवताना कोण एकटा बसतो, नवीन आलेल्या पोराला कोण बाजूला घेऊन कानमंत्र देतो, घरून फोन आला की कोणाचं तोंड उतरतं, हे सगळं रात्रपाळीच्या वॉर्डबॉयला पाठ असतं आणि आपल्याला पत्ताच नसतो. म्हणून सकाळचं हँडओव्हर, म्हणजे रात्रपाळी सकाळच्या पाळीला वॉर्डाची खबर देते ते, चुकवायचं नाही. नर्सच्या वहीत एखादीच ओळ असते, 'रात्री दोनदा उठला, बायकोला फोन लावून द्या म्हणाला, नंतर बॅग भरून ठेवली.' झालं, आज आधी कोणाशी बोलायचं आणि कशावर बोलायचं ते ठरलं. सुरुवातीची दोनेक वर्षं वॉर्ड, ग्रुप आणि नातेवाइकांच्या भेटी यातच घालव, केबिन कुठे पळून जात नाही.

'डिटॉक्स (नशा बंद करून ती शरीरातून उतरवणं) डॉक्टरांचं, आपल्याला काय त्याचं' असं म्हणणारे सायकॉलॉजिस्ट भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. रोज भरपूर पिणारा माणूस एकदम थांबला तर शेवटच्या पेगनंतर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास डेलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे भ्रम आणि थरथर, ज्यात माणूस दगावूही शकतो. समज तिसऱ्या रात्री एकजण सांगतोय की भिंतीवर मुंग्या चालल्यात, चादर झटकतोय, घामाने चिंब, हात थरथरतायत, वार विचारला तर भलताच सांगतोय. तिथे दीर्घ श्वास घ्या वगैरे करत बसायचं नसतं, पळत जाऊन डॉक्टरांना उठवायचं. बेन्झो गटातल्या झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्याचंही तसंच, त्या झटक्यात बंद केल्या तरी फिट येऊ शकते. थायमिन (व्हिटॅमिन बी1) का देतात, डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध काय करतं, मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही हेरॉइनसारख्या नशेवरची औषधं कशासाठी असतात हे तुला माहीत हवं, प्रिस्क्रिप्शन लिहायचं नसलं तरी. कारण गोळीबद्दलची शंका पेशंट राउंडला विचारत नाही, तुझ्या सेशनमध्ये विचारतो.

आणि हो, पहिल्या आठवड्यात मेमरीच्या टेस्ट घ्यायची हौस नको. नशा उतरत असताना घेतलेले स्कोअर त्या माणसाचे नसतात, विथड्रॉवलचे, म्हणजे नशा थांबल्यावर होणाऱ्या त्रासाचे असतात. डिप्रेशनचंही असंच, बऱ्याच जणांचं नशा बंद झाल्यावर तीन-चार आठवड्यांत बरंच निवळतं, ज्याचं निवळत नाही त्याच्याकडे मग वेगळं लक्ष द्यायचं. आत्महत्येचे विचार मात्र पहिल्याच दिवशी विचारायचे, त्यात थांबाथांबी नाही.

थेरपी कुठली शिकू म्हणून विचारलंस. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग आधी शीक, म्हणजे वाद न घालता बदलायची कारणं पेशंटच्याच तोंडून काढणं, विल्यम मिलरने 1983 मध्ये दारू पिणाऱ्यांबद्दलच मांडलेली पद्धत आहे ती. निम्मे लोक बायकोने, आईने नाहीतर कोर्टाने आणलेले असतात, त्यांच्याशी वाद घातलास की ते पिण्याची बाजू मांडत बसतात आणि स्वतःचंच ऐकून आणखी पक्के होतात. पण एकाच पद्धतीची भक्त होऊ नकोस. प्रोजेक्ट मॅच नावाचा मोठा अभ्यास झाला, 1,726 पेशंट, सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावरची थेरपी), अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांकडे नेणारी थेरपी आणि फक्त चार सेशनची मोटिव्हेशनल थेरपी, 1997 मध्ये निकाल आले तर तिन्हींमध्ये फरक फारसा नाही. त्यामुळे कॉन्फरन्समध्ये कोणी 'आमचीच पद्धत' म्हणून छाती फुगवून बोलायला लागला की मी चहा प्यायला बाहेर पडतो.

केंद्रात स्वतः व्यसनातून बाहेर आलेले काउन्सेलर असतील. काहींकडे डिग्री नसेल, पण पेशंट थाप मारतोय हे त्यांना आपल्याआधी कळतं. त्यांच्या ग्रुपमध्ये गप्प बसून शीक. त्यांचं सगळंच बरोबर असतं असं नाही हां, 'मी गोळ्यांशिवाय सुटलो, तूही सूट' हे वाक्य ऐकलंस तर टीम मीटिंगमध्ये विषय काढ, पेशंटसमोर नाही.

आता डिस्चार्ज. आत कोणीही राहतो सोबर, दारू मिळतच नाही तर करणार काय. प्रश्न गेटबाहेर सुरू होतो, म्हणून तयारी भरतीच्या आठवड्यातच सुरू करायची: पगाराच्या दिवशी काय, कोणता मित्र टाळायचा, भांडण झालं तर कोणाला फोन. अॅलन मार्लाट या सायकॉलॉजिस्टने दाखवून दिलंय की एक घोट घेतल्यावर 'आता सगळं वाया गेलं' असं वाटून माणूस पुढचे दहा पितो. तेव्हा घसरलास तर त्याच दिवशी फोन कर, हे त्याला आधीच सांगून ठेवायचं. हेरॉइनवाल्यांना तर तोंडावर सांगायचं की आत राहून तुझी टॉलरन्स, म्हणजे नशा पचवायची सवय, उतरलीये, जुना डोस आता जीव घेऊ शकतो. ही माहिती नातेवाइकांनाही हवी, नालोक्सोन, म्हणजे हेरॉइनचा ओव्हरडोस उतरवणारं औषध, घरात ठेवायला सांग. तरी काही पेशंट जातील, बातमी फोनवर कळेल. त्यासाठी बाहेरचा सुपरवायझर, म्हणजे ज्याच्याशी आपल्या केसेसबद्दल मोकळं बोलता येईल असा अनुभवी थेरपिस्ट, पहिल्या पगारापासून ठेव, पैसे द्यावे लागले तरी.

नोकरी निवडताना पगाराआधी हे विचार: रात्री डॉक्टर कोण असतो, पेशंटला घरी फोन करता येतो का, स्वतःहून आलेल्याला निघायचं असलं तर काय करता, घसरलेल्याला परत घेता का. बांधून ठेवणं, मारहाण किंवा शंभर टक्के गॅरंटी यातलं काहीही दिसलं तर तिथून नीघ, अनुभव मिळेल म्हणूनसुद्धा थांबू नकोस. उत्तरं बरी वाटली तर ऑफर घेण्याआधी एक रात्रपाळी बसून बघू द्या म्हण. कसे बघतात तुझ्याकडे ते मला कळव, पीएचडीचं मग बोलू.