दोनशे इडियम्स पाठ आहेत, तरी बोलता येत नाही

"मॅडम, इडियम्स पाठ केल्याशिवाय स्पीकिंगला सात बँड येतच नाहीत ना?" आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांकडून हा प्रश्न मी सतत ऐकते. इडियम्स म्हणजे वाक्प्रचार, स्पीकिंग म्हणजे संभाषणाची परीक्षा आणि बँड म्हणजे तिथले गुण. प्रश्नामागची धास्ती खरी असते. परीक्षेची फी मोठी, घरच्यांचे डोळे निकालाकडे लागलेले, आणि मराठी माध्यमातून शिकलेल्यांच्या मनात तर 'आपलं इंग्रजी कच्चंच' हे आधीपासून बसलेलं.

अशाच एका सिस्टरची गोष्ट तिच्या परवानगीने, ओळख कळणार नाही इतपत तपशील बदलून सांगते. ती परळच्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स, राहायला विक्रोळीला. तिला ब्रिटनला जायचं होतं. तिथल्या नर्सिंग कौन्सिलकडे आयईएलटीएसच्या आधारे नोंदणी करायची तर वाचन, श्रवण आणि संभाषणात 7, लेखनात 6.5 लागतात. बाकी सगळं जमलं, संभाषणात मात्र 6 वर अडली. मग कुणीतरी दोनशे वाक्प्रचारांची पीडीएफ पाठवली. ड्युटीला जाता-येता लोकलमध्ये उभ्या उभ्या तिने ती घोकली.

मी तिला साधंच विचारलं, पावसाळ्यात कामावर कशा पोहोचता? "इट रेन्स कॅट्स अँड डॉग्ज," ती म्हणाली आणि थांबली. रुळांवर पाणी साचलं की तिची काय तारांबळ उडते, यातलं काहीच आलं नाही.

मग लक्षात राहिलेल्या एखाद्या पेशंटबद्दल बोलायला सांगितलं. सुरुवात छान झाली. एका आजोबांची तिने बऱ्याच रात्री शुश्रूषा केली होती. बोलता बोलता ती अडली, नजर छताकडे गेली आणि ती म्हणाली, "ही किक्ड द बकेट."

मी विचारलं, "आजोबांच्या मुलीला तुम्ही हे असं सांगितलं असतं?"

तिचे डोळे भरून आले. "नाही हो मॅडम. मी 'ही पास्ड अवे' म्हणते."

योग्य शब्द तिच्याजवळ होता. वॉर्डमध्ये, माणसांच्या दुःखासमोर उभं राहून कमावलेला. यादीने तो मागे ढकलला होता. 'किक द बकेट' हा थट्टेच्या सुरातला वाक्प्रचार आहे. मृत्यूबद्दल गंभीरपणे बोलताना तो कानाला बोचतो. यादीत मात्र त्यासमोर नुसतं 'मरणे' लिहिलेलं असतं. अशा याद्या वाटणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

परीक्षा काय मागते तेही तिला समजावलं. 11 ते 14 मिनिटांच्या मुलाखतीत चार गोष्टींना सारखं वजन असतं: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. वाक्प्रचार यातल्या शब्दसंपदेचा एक भाग. 7 बँडसाठी थोडे कमी प्रचलित शब्द आणि वाक्प्रचार अपेक्षित असतात हे खरं. पण काही निवडी चुकल्या तरी चालतात. आठवत बसण्यात ओघ तुटला, तर एक मिळवायला जाऊन दुसरं हातचं जातं.

वही मिटून ठेवली. तिने आदल्या ड्युटीची हकीकत आधी मराठीत सांगितली, मग इंग्रजीत, फोनवर रेकॉर्ड करत. जिथे तिला म्हणायचं होतं पण शब्द सापडत नव्हता, तिथेच आम्ही एकेक वाक्प्रचार बसवला. दिवसभर पायाला भिंगरी होती, तिथे 'आय वॉज रन ऑफ माय फीट'. यातला 'वॉज' गळला की वाक्यच कोसळतं, म्हणून अख्खं वाक्य तोंडात बसवलं. पेशंट वाचतो की जातो अशी घालमेल, तिथे 'इट वॉज टच अँड गो'. तब्येत सुधारू लागली, तिथे 'ऑन द मेंड'. 'कीप ॲन आय ऑन' तर डॉक्टरांच्या राउंडला ती रोजच ऐकत होती, फक्त तो वाक्प्रचार आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं! असे मोजकेच ठेवले, सगळे तिच्या कामातले. वृद्धांची काळजी कुणी घ्यावी, यासारख्या मुलाखतीच्या तिसऱ्या भागातल्या चर्चेलाही तेच उपयोगी पडले.

मुलाखतीच्या दुसऱ्या भागात दिलेल्या विषयावर बोलण्याआधी तयारीला एक मिनिट मिळतं. त्यात ती वाक्प्रचार टिपून ठेवायची. ते बंद करून कोण, कुठे, काय झालं, मला काय वाटलं, एवढंच लिहायला लावलं. बोलण्यासारखं हाताशी असलं की बोलायची दोन मिनिटं कमी पडू लागली. पुढच्या वेळी तिला संभाषणात 7 मिळाले.

पाठांतरावरच आपलं शिक्षण झालेलं, म्हणून मुलं यादी मागतात. त्यांचा दोष नाही. तुमच्याकडेही अशी यादी असेल तर आज रात्री ती घेऊन बसा. गेल्या आठवड्यात तुमच्या बाबतीत खरंच घडलेल्या गोष्टीत जो वाक्प्रचार बसतो तेवढाच ठेवा, बाकीच्यांवर काट मारा. उरलेला प्रत्येक तुमच्या स्वतःच्या वाक्यात, मोठ्याने, दोन-तीन वेगवेगळ्या प्रसंगांत बोलून बघा. आणि परीक्षेत ऐनवेळी आठवला नाही, तर साध्या इंग्रजीत वाक्य पूर्ण करून पुढे बोलत राहा.