विज्ञानकथेवर आधारित शूटर गेममध्ये विनोद कशासाठी असतो? त्याने गांभीर्य कमी होत नाही का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. परग्रहवासी, रोबॉट आणि अंतराळयाने असलेल्या शूटर गेममध्ये, म्हणजे बंदुकीने शत्रू टिपत पुढे जायच्या खेळात, निर्माते विनोद का पेरतात, आणि जिथे मिनिटाला दहा जण मरतात तिथे विनोद आल्याने कथेचे गांभीर्य हरवत नाही का. शिवाय कधीही शूटर न खेळलेल्या माणसाने हे अनुभवण्यासाठी सुरुवात कुठून करावी, अशी पुरवणीही आपण जोडली आहे. मी गेमनिर्मितीच्या व्यवसायात नाही, केवळ जुना आणि चोखंदळ खेळाडू आहे. उत्तर त्याच भूमिकेतून देतो.

आधी माझे मत सांगतो. शूटरमधला चांगला विनोद हा खेळाचाच एक कामकरी भाग असतो. तो खेळाडूला काहीतरी शिकवतो, कळवतो किंवा करायला लावतो. जो विनोद केवळ ऐकवण्यासाठी असतो, तो या प्रकारात फार लवकर शिळा होतो. याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. चित्रपटातले वाक्य प्रेक्षक एकदा ऐकतो, पण शूटरमध्ये माणूस मरतो, मागच्या चेकपॉइंटवर, म्हणजे खेळ जिथून पुन्हा सुरू होतो त्या टप्प्यावर, जातो आणि तोच दरवाजा, तेच शत्रू व तेच संवाद पुन्हा त्याच्या वाट्याला येतात. लग्नाच्या पंगतीत तोच किस्सा दरवर्षी सांगणाऱ्या काकांसमोर बसल्यासारखी त्याची गत होते. शाळेत आपण शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ असे विनोदाचे जे प्रकार शिकलो, त्यांपैकी पहिला या पुनरावृत्तीत सर्वांत आधी मान टाकतो आणि उरलेले दोन बराच काळ तग धरतात.

स्वभावनिष्ठ विनोदाचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण म्हणजे बंजी या कंपनीने नोव्हेंबर २००१ मध्ये मूळ एक्सबॉक्स या गेम कन्सोलसाठी आणलेला 'हेलो: कॉम्बॅट इव्हॉल्व्ह्ड'. त्यातल्या कॉव्हेनंट नावाच्या परग्रही सैन्यात उंच, चपळ आणि गर्विष्ठ एलाइट हे टोळीचे नायक असतात, तर पाठीवर मिथेनची टाकी वागवणारे बुटके ग्रंट हे हुकमाचे ताबेदार. आपण एलाइटला मारले की, क्षणापूर्वी आपल्यावर गोळ्या झाडणारे ग्रंट चिरक्या आवाजात ओरडत, दोन्ही हात वर करून वाट फुटेल तिकडे पळत सुटतात. काही ठिकाणी ते पहाऱ्यावर चक्क झोपलेले सापडतात. हे दृश्य हसू आणतेच, पण त्या ओरड्यात एक माहितीही दडलेली असते. खडकाआड लपून बंदूक भरत असताना, पडद्यावर काहीही दिसत नसतानाही, केवळ तो कल्लोळ ऐकून खेळाडूला कळते की नायक पडला आहे आणि आता पुढे सरकायला हरकत नाही. पुढच्या वेळी तो आपणहून आधी एलाइटवर नेम धरतो. म्हणजे डावपेचाचा एक धडा त्याला हशाच्या पुडीत बांधून मिळालेला असतो आणि कोणी आपल्याला शिकवले याची त्याला जाणीवही नसते.

पुनरावृत्तीचा धोका बंजीच्या मंडळींना चांगलाच ठाऊक होता, असे मानायला आधार आहे. 'हेलो ३' (२००७) मध्ये लपवून ठेवलेल्या कवट्या सापडल्या की खेळाचे नियम बदलतात. त्यांपैकी एका कवटीचे काम एवढेच की, लढाईतले जे संवाद एरवी क्वचित ऐकू येतात ते वारंवार ऐकू येऊ लागतात. याचा अर्थ संवादांचे नेहमीचे आणि दुर्मीळ असे वर्गीकरण आधीपासून केलेले होते आणि उत्तम वाक्ये मुद्दाम हात राखून वापरली होती. दुसऱ्या एका कवटीमुळे ग्रंटच्या डोक्याला गोळी लागली की रंगीबेरंगी कागदाचे तुकडे उडतात आणि लहान मुलांचा जल्लोष ऐकू येतो. मला स्वतःला हा प्रकार थोडा क्रूर वाटतो, पण तो खेळाडूने स्वतः शोधून सुरू करायचा असल्याने कथेच्या वाटेत येत नाही.

प्रसंगनिष्ठ विनोदासाठी व्हॉल्व्ह कंपनीच्या 'हाफ-लाइफ २' (२००४) मधला डब्याचा प्रसंग पाहावा. परकीय सत्तेने गिळंकृत केलेल्या शहराच्या रेल्वे स्थानकावर आपण उतरतो. चेहरा झाकलेला एक शिपाई वाट अडवतो, पेयाचा रिकामा डबा आपल्यासमोर मुद्दाम जमिनीवर पाडतो आणि तो उचलून कचरापेटीत टाकायला सांगतो. निमूटपणे टाकला तर तो हसतो आणि जाऊ देतो. तोच डबा त्याच्या तोंडावर फेकला तर तो दंडुका घेऊन मागे लागतो. या दहा-वीस सेकंदांत वस्तू कशी उचलायची आणि कशी फेकायची हे कळते, हुकूमशाहीत सामान्य नागरिकाची किती क्षुल्लक कारणावरून मानहानी होते हे कळते, आणि आपण कोणत्या स्वभावाचे आहोत हेही बाहेर येते. एकही विनोदी वाक्य उच्चारले गेलेले नसते. गांभीर्याच्या मुद्द्यावर मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते, कारण इथे विनोदामुळेच दडपशाही अंगाला चिकटते; त्या जागी अत्याचाराचे लांबलचक निवेदन ठेवले असते तर खेळाडूने ते बटण दाबून ओलांडले असते.

याच कंपनीचा 'पोर्टल' (ऑक्टोबर २००७) हा शूटर म्हणावा की कोडे, यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. पडद्यावर हातातली बंदूक दिसते, सगळे दृश्य पात्राच्याच डोळ्यांतून दिसते, मात्र त्या बंदुकीतून गोळीऐवजी भिंतीवर दारे उमटतात. माझ्या मते शूटरचे विडंबन करण्यासाठी शूटरचाच साचा वापरलेला हा गेम आहे, म्हणून तो या उत्तरात बसतो. एका ओसाड संशोधनसंस्थेत ग्लॅडॉस नावाची संगणकप्रणाली आपल्याकडून चाचण्या करून घेते. एलन मॅकलेन या ऑपेराचे शिक्षण घेतलेल्या गायिकेने दिलेला तिचा आवाज कमालीचा सभ्य, किंचित मायाळू आणि पूर्णपणे खोटा आहे. चाचणी संपल्यावर केक देण्याचे आश्वासन ती देत राहते आणि दुसरीकडे भिंतीमागच्या अडगळीत कोणीतरी खरडून ठेवलेले असते की केक ही थाप आहे.

मधल्या एका चाचणीत ती आपल्याला हृदयाचे चिन्ह असलेली एक जड पेटी 'सोबती' म्हणून देते, ही पेटी बोलू शकत नाही असे आवर्जून सांगते आणि शेवटी तीच पेटी भट्टीत टाकल्याशिवाय पुढचे दार उघडत नाही. टाकली की, इतक्या झटपट आपल्या सोबत्याचा जीव घेणारा उमेदवार आजवर झाला नाही, असे म्हणून ती आपले अभिनंदन करते. आता यामागची कारागिरी पाहा. गेममध्येच ऐकायला मिळणाऱ्या निर्मात्यांच्या कॉमेंट्रीनुसार ती चाचणी लांब होती, पेटी शेवटपर्यंत जवळ बाळगणे आवश्यक होते आणि गेम तपासून पाहायला बोलावलेले खेळाडू ती वाटेतच विसरत होते. पेटीला हृदय आणि नाव दिल्यावर तिला कोणी मागे सोडेना. भट्टीचा उपयोगही याच विनोदात शिकवला जातो, कारण अंतिम सामन्यात ग्लॅडॉसचे सुटे भाग त्याच पद्धतीने भट्टीत टाकायचे असतात. एका थट्टेने आराखड्यातला दोष झाकला, एक क्रिया शिकवली आणि खलनायिकेचा स्वभावही उघड केला. लेखक आणि रचनाकार एकाच टेबलावर बसल्याशिवाय असे घडत नाही.

त्याच गेममधल्या स्वयंचलित तोफाही बालसुलभ, गोड आवाजात 'अजून आहात ना तिथे?' अशी चौकशी करतात आणि आपण दिसताच गोळीबार सुरू करतात. त्यांना आडवे पाडले की 'माझा तुमच्यावर राग नाही' असे म्हणत त्या बंद पडतात. ज्याला मारायचे त्याने आपल्याला क्षमा करणे ही गोष्ट हसवते आणि थोडी टोचतेही. शिवाय तोही आवाज कामाचाच आहे: कोपऱ्यापलीकडे तोफ आहे हे डोळ्यांआधी कानाला कळते. क्रोएशियातल्या क्रोटीम कंपनीच्या 'सिरियस सॅम'मध्ये (२००१) हातात बाँब घेऊन धावत येणारा शत्रू डोकेच नसताना जिवाच्या आकांताने किंचाळतो. तो मूर्खपणा आणि 'पोर्टल'मधली नजाकत यांत जमीन-अस्मानाचे अंतर असले तरी तत्त्व एकच आहे: किंकाळीच्या दिशेने आणि तीव्रतेने धोका किती जवळ आला ते समजते.

विज्ञानकथेलाच हा विनोद इतका का मानवतो, याचे उत्तर मला भाषेत सापडते. कल्पित भविष्यात यंत्रे, कंपन्या आणि सरकारे स्वतःची कार्यालयीन भाषा घेऊन येतात आणि त्या भाषेचा थंड नम्रपणा अवतीभोवतीच्या रक्तपाताशी जुळत नाही. 'डूम इटर्नल' (२०२०) मध्ये नरकातल्या राक्षसांना राक्षस म्हणणे असभ्य असल्याचे ध्वनिक्षेपकावरून सांगितले जाते. 'द आउटर वर्ल्ड्स' (२०१९) मध्ये कामगाराने आत्महत्या केली तर ती कंपनीच्या मालमत्तेची हानी ठरते. युद्ध आजच्या काळात आणि खऱ्या देशांत घडत असते तर ही वाक्ये संतापजनक वाटली असती. परक्या ग्रहावर ती हसू आणतात आणि आपल्याच कचेरीतले एखादे परिपत्रक आठवायला लावतात.

या उपहासाला अलीकडे सर्वांत पुढे नेले ते स्वीडनच्या अ‍ॅरोहेड गेम स्टुडिओजने, फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या 'हेलडायव्हर्स २' मधून. महापृथ्वीचे सैनिक आकाशगंगेत 'व्यवस्थापित लोकशाही' पसरवायला निघालेले असतात, प्रत्येक जहाजावर लोकशाही अधिकारी नेमलेला असतो आणि मरताना सैनिक घोषणा देतात. हा झाला लिहिलेला उपहास. त्याहून मोठा विनोद नियमांत आहे. इथे आपली गोळी आपल्याच साथीदाराला लागते आणि हा नियम बंद करण्याची सोय नाही. हवाई हल्ला मागवण्यासाठी ऐन धुमश्चक्रीत बाणांची बटणे ठरावीक क्रमाने दाबून एक गोळा फेकावा लागतो. तो गोळा उभ्या कड्यावर आपटून घरंगळत परत आपल्याच पायाशी आला, की तुकडीतले चौघेही खेळाडू एकमेकांचे नाव घेत पळत सुटतात. मेलेल्याला परत बोलावले तर त्याचे यान बोलावणाऱ्याच्याच डोक्यावर कोसळू शकते. आमच्या मित्रमंडळीत निम्मे पुण्यात आणि निम्मे परदेशात आहेत. खेळताना हेडफोनवर मराठीतल्या शिव्यांची जी आतषबाजी होते ती कोणत्याही लेखकाला लिहिता आली नसती. हा विनोद शिळा होत नाही, कारण तो दर वेळी नव्याने घडतो. आणि तो उपहासाला बळ देतो: सैनिकाच्या जिवाला कवडीची किंमत आहे, हे घोषणांपेक्षा त्या डोक्यावर पडणाऱ्या यानातून अधिक ठसते.

फसलेली उदाहरणेही बरीच आहेत. 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी' (१९९६) चा टाळ्याखाऊ नायक त्या काळात चालून गेला. त्याचा पुढचा भाग रखडत-रखडत २०११ मध्ये आला तेव्हा तीच शेरेबाजी केविलवाणी वाटली. 'बॉर्डरलँड्स २' (२०१२) विषयी माझे मत संमिश्र आहे. त्यातली पात्रे अखंड बडबडतात आणि काही तासांनी आवाज कमी करावासा वाटतो. परंतु त्यातच एक माणूस रस्त्यात उभा राहून 'माझ्या तोंडावर गोळी घाला' असे ओरडत असतो. हातावर किंवा पायावर मारली तर तो तक्रार करतो, सांगितले तेच केले की काम फत्ते. शूटर गेममध्ये आपण विचार न करता जे हजार वेळा करतो, तेच कोणीतरी आर्जवाने मागितल्यावर आपले बोट घटकाभर अडखळते. एवढे एक उपकथानक त्या सगळ्या बडबडीवर भारी पडते.

गांभीर्याविषयीची आपली शंका रास्त आहे, आणि काही कथांना विनोद खरोखर झेपत नाही. 'हेलो: रीच' (२०१०) ही पराभवाची कथा होती. त्यात कॉव्हेनंटचे सैनिक बहुतांशी त्यांच्याच परक्या भाषेत बोलतात, त्यामुळे ग्रंटांची गमतीदार बडबडही बरीच कमी झाली. तो निर्णय योग्य होता असे मला वाटते. मात्र इतर भागांत पळणाऱ्या ग्रंटच्या पाठीवर नेम धरताना जो संकोच वाटतो, तो त्याने आधी आपल्याला हसवलेले असते म्हणूनच वाटतो. मुका, भीषण शत्रू मारताना मला तसे कधी वाटलेले नाही.

आपण सुरुवात 'पोर्टल'ने करावी. तो काही तासांत संपतो, साध्या लॅपटॉपवर चालतो आणि त्यात हात चलाख असण्याची फारशी गरज नाही. ग्लॅडॉसचा आवाज यांत्रिक असल्याने सबटायटल सुरू ठेवा. एकदा पूर्ण झाला की कॉमेंट्री सुरू करून दुसऱ्यांदा खेळा, म्हणजे पेटीची हकिगत निर्मात्यांच्याच तोंडून ऐकता येईल. त्यानंतर 'हेलो'कडे वळलात तर ते अगदी सोप्या पातळीवर खेळू नका. तिथे एलाइट इतक्या लवकर पडतात की ग्रंटांना घाबरायलाही सवड मिळत नाही.