तो हात

प्रिय ईशू,

सत्यनारायणाच्या दिवशी तू डावा हात पुढे केलास तशी आजीने शिऱ्याची वाटी मागे घेतली. “हा नाही राजा, तो हात.” तू मुकाट्याने हात बदललास. आणि रात्री पांघरुणातून विचारलंस, “आई, माझा हा हात घाण आहे का? मग पेनिक्सचा पण?” तुझ्या लाडक्या डावखुऱ्या अमेरिकन फुटबॉलपटूचं नाव ऐकूनही मी फक्त “झोप आता” म्हणाले. माझा घसा दाटून आला होता.

मीसुद्धा डावखुरी होते, हे तुला कधी सांगितलंच नाही. पहिलीत बाईंनी पेन्सिल काढून उजव्या हातात दिली, घरी आजीने, म्हणजे माझ्या आईने, तेच चालवलं. ‘ळ’ची दोन वेटोळी जमतच नसत. ओल्या बोटाने पुसून पुसून पाटीचा तो कोपरा पांढरट झाला होता. रांगोळी मात्र मी डाव्याच हाताने काढायचे, सगळे उठायच्या आत. चिमटीतून रेघ अशी सरळ सुटायची! आजी शेजारणींना कौतुकाने दाखवायची, कुठल्या हाताने काढली ते मी कधी बोलले नाही.

आजीचंही ऐक. तिच्या लहानपणी धुण्याचा हात डावा आणि जेवायचा, द्यायचा उजवा, अशी साधी वाटणी होती. भाजीवाल्याला सुटे पैसेसुद्धा ती उजव्या हातानेच देते, समोरच्याचा मान म्हणून. ते मला अजून आवडतं. पण आठ वर्षांच्या मुलाला स्वतःचा हात घाण वाटावा, हे मला पटत नाही.

पेनिक्सचं तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. इंडियाना विद्यापीठाच्या संघात चार वर्षं, आणि दुखापतींमुळे एकही हंगाम पुरा नाही: २०१८ ला उजवा गुडघा, २०१९ ला छातीजवळचा सांधा, २०२० ला पुन्हा तोच गुडघा, २०२१ ला डावा खांदा. फेकायचाच खांदा, ईशू! मग तो कॉलेज बदलून आपल्या सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आला, कारण इंडियानात त्याच्याबरोबर काम केलेले डिबोअर इथे मुख्य कोच झाले होते. त्यांनी त्याला धडधाकट असताना खेळताना पाहिलं होतं. २०२३ च्या हंगामात सलग १४ सामने जिंकले, टेक्सासविरुद्ध त्याच डाव्या हाताने ४३० यार्डांचे पास फेकले. ह्यूस्टनला अंतिम सामन्यात मिशिगनकडून ३४-१३ ने हरलो, तेव्हा तू नऊ नंबरची जर्सी तोंडावर ओढून रडत होतास. मी तुला थोपटत होते आणि मनात येत होतं, दुखावलेला खांदा बरा होईपर्यंत याच्या हाताची कुणीतरी वाट पाहिली. माझा तर धडधाकट होता.

तीर्थ घेताना उजव्या तळव्याखाली डावा धरतात, थेंब सांडू नये म्हणून. पुढच्या वेळी वाटलं तर तसे दोन्ही हात पुढे कर. नाही वाटलं तर नको करूस, आजीशी मी बोलेन. मला तिला रांगोळीचंही सांगायचंय.

तुझी,
आई