नागीण सुकली, आग थांबत नाही

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे, रोज वावरात जातात. उजव्या कुशीत आधी नुसतं दुखलं, मग पाठीपासून बेंबीपर्यंत फोडांचा पट्टा उठला. फवारणीचं औषध अंगावर आलं असेल असं वाटलं. जाणत्यानं नागीण ओळखून गेरू लावला. खपल्या पडून तीन आठवडे झाले, तरी आग होते, सदरा टेकू देत नाहीत. नागिणीची तोंडं जुळली की माणूस दगावतो, हे खरं का?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : नाही. कांजिण्यांचा विषाणू बरा झाल्यावरही मणक्याजवळच्या नसांच्या गाठीत दडून राहतो आणि उतारवयात एखाद्या नसेतून वर येतो. ती नस अंगाच्या एकाच बाजूची, म्हणून पट्टा पाठीच्या कण्यापाशी किंवा बेंबीपाशी थांबतो. फवारणीचं पुरळ औषध लागेल तिथं उठतं, आधी चार दिवस ठणकत नाही.

फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकतात, त्याचं श्रेय गेरूला मिळतं. त्यात वेळ जातो, हे खरं नुकसान. फोड दिसल्यापासून ७२ तासांत असायक्लोव्हिर ही विषाणू रोखणारी गोळी सुरू करायला हवी होती : मोठ्यांना ८०० मिलिग्रॅम, दिवसातून ५ वेळा, ७ दिवस, किडनीचा त्रास असल्यास डॉक्टर डोस कमी करतात. आता तिचा उपयोग नाही.

उरलेली आग दुखावलेल्या नसेची आहे. डायक्लोफेनॅक या दुखणं थांबवणाऱ्या औषधाची सुई टोचत राहून ती जात नाही, उलट पोट आणि किडनीला त्रास. डॉक्टरांना गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिनबद्दल विचारा. लघवी अडकत असेल किंवा हृदयविकार असेल, तर अ‍ॅमिट्रिप्टिलिन घेण्याआधी ते सांगायलाच हवं. रात्री कमी डोसने सुरुवात, मग हळूहळू वाढ. गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. बहुतेक जण चौथ्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून सोडतात, तिथंच फसतं. गुंगी येते, म्हणून दारू आणि गाडी बंद, रात्री उठताना आधार. गोळी एकदम थांबवू नका. कातडी पूर्ण भरली असेल तर ५ टक्के लिग्नोकेनचं बधिर करणारं मलम चालतं. अंगात जुनी, मऊ, सैल सुती बंडी.

घरात पुन्हा कुणाला उठली, तर खपल्या धरेपर्यंत पट्टा झाका. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाला दूर ठेवा. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा. कानात फोड येऊन तोंड वाकडं झालं, तरी तेवढीच घाई करा.